बॅटरीचा आकडा सांगतं कोण?

या वेळी दोन पत्रांना मिळून एकच उत्तर देतो आहे. एक पत्र साताऱ्याचं, दुसरं सांगलीचं. दोन्ही वाचक एकमेकांना ओळखत नसावेत. पण दोघांचं भांडण लॅपटॉपच्या पडद्यावरच्या एकाच कोपऱ्याशी आहे.

प्रश्न १ : विंडोज १० चा आधार संपल्यावर भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर हलकं लिनक्स बसवून दिलं. मशीन आता छान पळतं. पण खाली कोपऱ्यात बॅटरीच्या जागी 'बॅटरी सापडली नाही' असं येतं. गंमत म्हणजे लाइट गेली तरी लॅपटॉप दीड तास चालू राहतो. बॅटरी नाही, तर तो चालतो कशावर?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

प्रश्न २ : आमच्याही जुन्या लॅपटॉपवर हलकं लिनक्स आहे. बॅटरी दिसते, पण आकडा थापा मारतो. ३८ टक्के दाखवत असताना लॅपटॉप पटकन मान टाकतो. आधी सूचना नाही, काही नाही. लगेच चार्जर लावून सुरू केला की तोच आकडा ४ टक्के होतो. दुरुस्तीवाला म्हणतो, लिनक्सने बॅटरी खाल्ली, परत विंडोज टाका. हे खरं आहे का?
– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : सातारकरांचा तर्क बरोबर आहे. बॅटरी नसती तर लाइट गेल्याबरोबर पडदा काळा झाला असता. तो झाला नाही, म्हणजे बॅटरी आहे आणि कामही करते आहे. सांगलीकरांकडे उलटा प्रकार आहे. तिथे बॅटरी आहे असं सगळ्यांना मान्य आहे, फक्त तिच्यात किती शिल्लक आहे यावर कोणाचं एकमत नाही. दोन्ही पत्रांत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली दिसते : कोपऱ्यातलं चिन्ह बॅटरीकडे बघून आकडा सांगतं. गोंधळ इथूनच सुरू होतो. ते चिन्ह बॅटरीकडे कधी बघतच नाही. त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं, आणि त्या सांगणाऱ्यालाही आणखी कोणीतरी सांगितलेलं असतं.

पावसाळ्यात तुमच्या दोन्ही जिल्ह्यांत सकाळचा पहिला प्रश्न असतो, "कोयना किती भरली?" पेपरात टीएमसीचा आणि टक्क्यांचा आकडा येतो आणि आपण तो चहाबरोबर घेतो. आता विचार करा, हा आकडा कसा निघतो? धरणातलं पाणी कोणी मापाने मोजत नाही. पाण्याची उंची मोजतात, त्या उंचीला किती साठा याचा तक्ता असतो, वर आवक किती आणि विसर्ग किती याचा हिशेब ठेवतात. तो आकडा धरणावरून कार्यालयात, तिथून पेपरात आणि पेपरातून तुमच्या हातात येतो. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी हे माहीत आहे, म्हणून टक्केवारी काढता येते.

या साखळीत दोन प्रकारे घोटाळा होऊ शकतो. समजा एखाद्या दिवशी पेपरात कोयनेचा आकडा छापायचाच राहिला. म्हणून काही धरण कोरडं पडत नाही. साताऱ्याची तक्रार या जातीची आहे. दुसरा घोटाळा वेगळा. एखाद्या तलावात वर्षानुवर्षं गाळ साचला, पण साठ्याचा तक्ता जुनाच वापरत राहिलो, तर आकडा रोज वेळेवर छापून येईल आणि पाणी मात्र तेवढं नसेल. ही सांगलीची तक्रार. पहिल्यात निरोप पोचला नाही, दुसऱ्यात निरोपच चुकीचा निघाला. त्यामुळे दोन्हींचे इलाज वेगळे.

आता लॅपटॉपातली साखळी बघू. बॅटरीच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात नुसते सेल नसतात, एक छोटी चिपही असते. किती विद्युतभार आत आला, किती बाहेर गेला याची नोंद ती ठेवते. म्हणजे आवक आणि विसर्गाची वही तिच्याकडे. ही वही लॅपटॉपच्या मदरबोर्डवरचा एक नियंत्रक वाचतो. त्याच्याकडून माहिती घेण्याची ठरलेली पद्धत म्हणजे एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ती १९९६ साली जाहीर केली आणि विंडोज काय, लिनक्स काय, दोघेही तिच्याच आधाराने विचारणा करतात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ती माहिती घेऊन ठरलेल्या जागी मांडून ठेवतो. कोपऱ्यातलं चिन्ह तिथून आकडा उचलतं. चिप, नियंत्रक, कर्नल आणि चिन्ह अशी ही चार जणांची रांग आहे. तक्रार आली की आपण सगळ्यात शेवटच्याला फैलावर घेतो, कारण डोळ्यांना तोच दिसतो.

आधी सातारकरांचं काम करू. त्यासाठी काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची गरज नाही. रोज ज्यातून फोटो आणि कागदपत्रं उघडता, तो फाइल मॅनेजर उघडा. घरच्या फोल्डरातून बाहेर पडून 'फाइल सिस्टिम' या सगळ्यात वरच्या पायरीवर जा. तिथे 'सिस' नावाचं फोल्डर दिसेल, त्यात 'क्लास', आणि त्यात 'पॉवर सप्लाय'. इथे बहुतेक दोनच नावं असतात. 'एसी' किंवा 'एडीपी १' असं काही असेल, तर तो चार्जर. दुसरं 'बॅट ०' किंवा 'बॅट १' असेल, ती तुमची बॅटरी.

आत शिरलात की फाइलींची रांग दिसेल. त्यांची एक गंमत आहे. फाइल मॅनेजर यातल्या बऱ्याच फाइलींचा आकार ४०९६ बाइट दाखवतो, आणि उघडून बघावं तर आत एकच ओळ, कधी एकच शब्द. याचं कारण, या फाइली डिस्कवर नसतातच. तुम्ही उघडता त्या क्षणी कर्नल उत्तर तयार करून देतो. 'स्टेटस' नावाची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, चार्जर लावून बॅटरी भरत असेल तर 'चार्जिंग' दिसेल. फाइल बंद करा, चार्जर काढा, पुन्हा उघडा. आता 'डिस्चार्जिंग' दिसेल. कोपऱ्यातलं चिन्ह काहीही म्हणो, कर्नलला सगळं माहीत आहे याचा हा पुरावा.

या 'पॉवर सप्लाय' फोल्डरात काय दिसलं यावरून पुढचा रस्ता ठरतो.

तिथे 'बॅट १' दिसलं, तर सातारकरांचं कोडं जवळजवळ सुटलं. संगणकात मोजणी शून्यापासून सुरू करायची रीत आहे, म्हणून पहिल्या बॅटरीला बहुतेक जण 'बॅट ०' म्हणतात. पण हे नाव लिनक्स ठेवत नाही. लॅपटॉप बनवणारा एसीपीआयच्या तक्त्यात लिहून ठेवतो. काही कंपन्यांनी गणती एकपासून केली. काहींनी तर भलतंच नाव ठेवलं. हलक्या लिनक्सवरचा चिन्ह दाखवणारा प्रोग्रॅम मात्र कधीकधी 'बॅट ०' या एकाच दारावर टकटक करतो, आतून ओ आली नाही की 'बॅटरी सापडली नाही' असा शेरा मारून मोकळा होतो. शेजारच्या दारात ती बसलेली असते.

मग विंडोजवर किंवा भारी लिनक्सवर असं का होत नाही? कारण तिथे मध्ये एक जास्तीचा माणूस असतो. ग्नोमसारख्या भरभक्कम डेस्कटॉपवर 'यूपॉवर' नावाची सेवा पाठीमागे कायम चालू असते. ती सगळी दारं ठोठावते, कुठे कोण आहे याची यादी करते आणि चिन्हाला तयार उत्तर देते. पण अशा सेवा जमत गेल्या की मेमरी जाते, आणि जुन्या लॅपटॉपात तीच कमी असते. हलक्या डेस्कटॉपांनी अशा मध्यस्थांना शक्य तिथे फाटा दिला. तैवानच्या होंग जेन यी यांनी २००६ साली सुरू केलेला 'एलएक्सडीई' हा याच विचाराचा. त्याचं पॅनेल कोणाला न विचारता थेट कर्नलच्या फाइली वाचतं. जुन्या लॅपटॉपात आलेली चपळाई अशाच काटकसरीतून आली आहे, आणि कधीमधी असा पत्ता चुकणं हा तिचाच दुसरा भाग.

उपाय सोपा आहे. पॅनेलवरच्या बॅटरीच्या चिन्हावर उजवी टिचकी द्या आणि त्याची सेटिंग उघडा. एलएक्सडीईच्या नव्या आवृत्त्यांत कितव्या बॅटरीवर लक्ष ठेवायचं असा एक रकाना असतो. तिथे शून्याच्या जागी एक करा. भाच्याने पडद्याच्या भिंतीवर आकडे दाखवणारा 'कॉन्की' बसवला असेल, तर त्याची सेटिंग एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. बहुधा ती घरच्या फोल्डरात लपलेली असते. कंट्रोल आणि एच ही बटणं एकदम दाबली की लपलेल्या फाइली दिसतात. बदलण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा, मग जिथे 'बॅट ०' आहे तिथे 'बॅट १' करा.

फोल्डरात 'बॅट ०' सरळ दिसत असेल आणि तरी चिन्ह रुसलेलं असेल, तर दोष फक्त चिन्हाचा. ते पॅनेलवरून काढून पुन्हा लावा, किंवा एकदा लॉगआउट करून परत या. दोन्ही नावं दिसली, तर तुमच्याकडे दोन बॅटऱ्या आहेत. काही थिंकपॅडमध्ये एक बॅटरी आत आणि एक बाहेर असते. चिन्ह आतलीवर लक्ष ठेवून बसलं असेल, तर आधी बाहेरची रिकामी होत जाते आणि आकडा तासभर १०० वर ढिम्म बसून राहतो.

आणि बॅटरीचं नावच दिसलं नाही तर? तर खोट वरच्या पायरीवर आहे, आणि सातारकरांच्या 'चालतो कशावर?' या प्रश्नाचं मजेदार उत्तर इथे मिळतं. बॅटरी जिथे लॅपटॉपला जोडलेली असते, तिथे वीज नेणारे टोक वेगळे आणि माहिती नेणारे टोक वेगळे असतात. माहितीच्या टोकावर मळ बसला किंवा ते नीट टेकलं नाही, तर बॅटरी वीज देत राहते, पण बोलत नाही. अशा वेळी आधी लॅपटॉप सुरू होतानाच्या बायॉसच्या पडद्यात बॅटरी दिसते का ते बघा. तिथेही दिसत नसेल, तर लिनक्स निर्दोष आहे. बॅटरी बाहेर निघणारी असेल, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. टोकं कोरड्या मऊ फडक्याने पुसून बॅटरी परत बसवा. बऱ्याचदा नियंत्रक यातून ताळ्यावर येतो. बायॉसला दिसते आणि कर्नलला नाही, असं असेल तर भाच्याला कर्नल अपडेट करायला सांगा.

आता सांगलीकरांकडे वळू. त्यांच्याकडे निरोप नीट पोचतो आहे, म्हणून पॅनेलच्या सेटिंगमध्ये कितीही खुडबुड केली तरी उपयोग नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावरची पूर मोजायची पट्टी दुरुस्त करून कोयनेतला गाळ निघत नाही. आपल्याला वहीच तपासायला हवी.

त्याच बॅटरीच्या फोल्डरात 'चार्ज फुल डिझाइन' आणि 'चार्ज फुल' अशा दोन फाइली आहेत. पहिलीत बॅटरी कारखान्यातून निघाली तेव्हाची क्षमता असते. दुसरीत आज ती पूर्ण भरल्यावर किती घेते याचा चिपचा अंदाज. माझ्या टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपात पहिल्या फाइलीत ४४००००० आहे आणि दुसरीत १९८००००. शून्यं बघून घाबरू नका, एकक मायक्रो आहे. शेवटची तीन शून्यं काढली की ४४०० आणि १९८० एमएएच उरतात. १९८० ला ४४०० ने भागलं की ४५ टक्के. म्हणजे या बॅटरीत निम्म्याहून जास्त गाळ बसला आहे. काही लॅपटॉपांत 'चार्ज'ऐवजी 'एनर्जी' नावाच्या फाइली असतात; त्यातला हिशेब वॉट-अवरचा असतो, भागाकार तोच.

इथे एक नेहमीचा गैरसमज दूर करतो. कोपऱ्यात दिसणारे १०० टक्के मूळ क्षमतेचे नसतात, आजच्या क्षमतेचे असतात. माझा लॅपटॉपही रात्रभर चार्ज झाल्यावर १०० दाखवतो आणि ते खोटं नाही. पेला लहान झाला, तरी काठोकाठ भरला की भरलेलाच म्हणायचा. त्यामुळे 'शंभर दाखवतंय म्हणजे बॅटरी ठणठणीत' हे म्हणणं टिकत नाही.

मग ३८ वर बंद का पडतो? याची दोन कारणं आहेत आणि बहुधा ती हातात हात घालून येतात. पहिलं, वहीतली चूक. चिप आवक-विसर्गाची नोंद ठेवते, पण प्रत्येक नोंदीत किंचित फरक राहतो. बॅटरी अगदी भरली किंवा अगदी रिकामी झाली की चिपला खरा काठ आणि खरा तळ समजतो आणि ती वही दुरुस्त करून घेते. लॅपटॉप महिनोन् महिने चार्जरलाच लावलेला असेल, तर तळ कधी दिसतच नाही. चूक साचत जाते आणि 'चार्ज फुल'चा आकडा जुनाच राहतो.

दुसरं कारण सेलच्या म्हातारपणाचं. जुन्या लॅपटॉपच्या नेहमीच्या बॅटरीत सहा सेल असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या एकापुढे एक जोडलेल्या. पूर्ण भरल्यावर एक सेल ४.२ व्होल्टचा असतो आणि वापरात तो उतरत जातो. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. शांतपणे टाइप करत असाल तोवर तो कसंबसं निभावून नेतो. तुम्ही व्हिडिओ लावला की एकदम जास्त वीज मागितली जाते आणि व्होल्टेज खाली कोसळतं. सेलमागे साधारण तीन व्होल्टच्या आसपास गेलं की सेल वाचवण्यासाठी पुरवठाच तोडला जातो. तीनपैकी एक जोडी दुबळी असली तरी पुरे; रांगेतला एक थांबला की सगळी रांग थांबते. लॅपटॉप बंद झाल्यावर ओझं उतरतं आणि व्होल्टेज थोडं सावरतं. दरम्यान चिपला तळ दिसलेला असतो, म्हणून ती आकडा ३८ वरून ४ वर आणते. सांगलीकर, तो ४ हा आकडा तुमच्या बॅटरीने बऱ्याच दिवसांनी बोललेलं पहिलं खरं वाक्य आहे.

सूचना का मिळाली नाही, याचंही उत्तर यातच आहे. हलक्या लिनक्सवरचं चिन्ह बऱ्याचदा फक्त दाखवण्यापुरतं असतं; बॅटरी कमी झाल्यावर इशारा देणं किंवा लॅपटॉप झोपवणं हे काम पॉवर मॅनेजर नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमचं. तो बसवलेला नसेल, तर बसवून घ्या. पण तो असता तरी या वेळी गप्पच बसला असता, कारण त्याच्या हिशेबी अजून ३८ टक्के शिल्लक होते. आयर्विन पुलापाशी पुराच्या धोक्याची पातळी ४५ फूट ठरवली आणि पट्टीच ३८ वर अडकली, तर भोंगा वाजवणाऱ्याचा काय दोष?

आता इलाज. चिपला काठ आणि तळ एकदा नीट दाखवायचा. बॅटरी पूर्ण भरा आणि भरल्यावरही तास-दोन तास चार्जर लावून ठेवा. उघडलेली कामं सेव्ह करून बंद करा. लॅपटॉप आपोआप झोपायची सेटिंग तेवढ्यापुरती काढा, चार्जर काढा आणि तो स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू द्या. मग मध्ये न तोडता पुन्हा १०० पर्यंत भरा. त्या वेळेत लाइट जाणार नाही असा दिवस निवडा. तुमच्या भागातल्या भारनियमनाचं वेळापत्रक माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त पाठ असेल. एका फेरीत आकडा सुधारला नाही, तर आणखी एकदा करा. त्यानंतर पुन्हा 'चार्ज फुल'ची फाइल बघा. आकडा बहुधा आधीपेक्षा खाली आलेला असेल. हिरमुसू नका. या फेरीने क्षमता वाढत नाही, फक्त हिशेब खरा होतो. गाळ तेवढाच राहतो, तक्ता मात्र नवा मिळतो.

हिशेब खरा झाल्यावरही 'अजून किती वेळ' हा आकडा नाचत राहील, त्यावर रागावू नका. उरलेल्या साठ्याला या क्षणाच्या विसर्गाने भागून तो काढलेला असतो. माझ्या त्या १९८० एमएएचच्या बॅटरीला ११.१ व्होल्टने गुणलं की सुमारे २२ वॉट-अवर येतात. नुसतं लिहीत बसलो आणि लॅपटॉप ११ वॉट खात असला, तर दोन तास. व्हिडिओ लावून २० वॉट खाऊ लागला, तर जेमतेम एक तास सहा मिनिटं. दरवाजे किती उघडले यावर धरण किती दिवस पुरणार हे ठरतं, तसंच हे.

राहता राहिला दुरुस्तीवाल्याचा निकाल : लिनक्सने बॅटरी खाल्ली का? योगायोग असा की सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती १९९१ साली, आणि लिनस टॉरवल्ड्सने लिनक्सची घोषणा केली तीही १९९१ च्या ऑगस्टमध्ये. तेव्हापासून दोघं शेजारी नांदत आहेत. बॅटरी झिजते ती वयाने, उष्णतेने आणि भरण्या-रिकामं होण्याच्या फेऱ्यांनी. आत कोणती सिस्टिम चालते याच्याशी सेलमधल्या रसायनाला देणंघेणं नाही. एवढं मात्र खरं, की वीज वाचवण्याच्या सगळ्या सोयी प्रत्येक हलक्या लिनक्सवर आपोआप चालू नसतात, त्यामुळे एका चार्जमध्ये वेळ थोडा कमी मिळू शकतो. त्यासाठी 'टीएलपी' नावाचा प्रोग्रॅम बसवता येतो. परत विंडोज टाकून मात्र जुना सेल तरुण होत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला आहे.

पत्रांत नसलेल्या, पण हमखास येणाऱ्या आणखी तीन शंकांची उत्तरं देऊन टाकतो.

बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नये, असं घरातले मोठे सांगतात. ते खोटं बोलत नाहीत, जुनं बोलतात. तो नियम निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांचा होता. लिथियमला उलट वारंवार तळ गाठणं मानवत नाही. वर सांगितलेली फेरी म्हणूनच क्वचित, आकडा चुकू लागला तरच करायची.

बॅटरी चार्जर लावूनही ९६ टक्क्यांवर अडकते आणि 'चार्ज होत नाही' म्हणते, हा बिघाड नाही. पुन्हापुन्हा थोडंथोडं भरून सेल झिजू नयेत म्हणून बरेच लॅपटॉप आकडा अमुक एका पातळीखाली गेल्याशिवाय चार्जिंग सुरूच करत नाहीत. काही लॅपटॉपांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते आणि लिनक्समधूनही ती लावता येते. जो लॅपटॉप कायम टेबलावर, चार्जरलाच असतो, त्याला ती चांगली. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात १०० टक्के भरलेली बॅटरी गादीवर तापत ठेवणं हे तिला म्हातारं करण्याचं खात्रीचं औषध आहे.

नवी बॅटरी घेतली, तर लेबलवरच्या आकड्यावर एकदम विश्वास ठेवू नका. हलक्या प्रतीच्या नकली बॅटरीत चिपमध्ये हवा तो आकडा भरून ठेवलेला असू शकतो, आणि मग फाइलही तोच आकडा प्रामाणिकपणे वाचून दाखवते. खरी परीक्षा घड्याळाची. बॅटरी पूर्ण भरून, एकच काम चालू ठेवून किती वेळ टिकते ते मोजा आणि पावती जपून ठेवा. जुनी बॅटरी फुगली असेल, तर मात्र तपासणी वगैरे काही नको. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, ती टोचू किंवा दाबू नका आणि जाणकाराकडून काढून घ्या. ती घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

एवढं करूनही अडलं, तर सांगलीकरांना लांब जायला नको. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा 'वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप' आहे. सातारकरांकडे भाचा आहेच. पण त्याला फोन लावताना 'बॅटरी दिसत नाही' एवढंच सांगू नका. 'पॉवर सप्लाय'च्या फोल्डरात काय नाव दिसतं, 'स्टेटस' काय म्हणतो आणि त्या दोन फाइलींत कोणते आकडे आहेत, या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या आणि मग बोला. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत होईल, आणि नवी बॅटरी घ्यायची की नाही हे दुकानाची पायरी चढण्याआधीच तुम्हाला कळलेलं असेल.